त्याच लाकडाची जोड

भांडुपला आमच्या सुतारकामाच्या गाळ्यात उरलेल्या लाकडाचे दोन ढीग असायचे. त्यांची गल्लत केली की बाबा गिऱ्हाइकासमोरसुद्धा शिव्या घालायचे.

"ह्यो ढीग आपलो, तो लोकांचो. किती वेळा सांगू गो तुका?"

आपला ढीग खाली, करवतीच्या यंत्रामागे. लोकांचा ढीग म्हणजे खरं तर ढीग नव्हताच. मागच्या भिंतीला छपरापर्यंत मांडणी ठोकलेली होती आणि तिच्यात वीत-वीत लांबीचे तुकडे पुस्तकांसारखे उभे लावलेले. प्रत्येकावर बाबांच्या हातचं पेन्सिलीचं अक्षर. 'मुलुंड, तिसरा मजला, देवघर.' 'घाटकोपर, गुजराती शाळेमागे, पुढचं दार.' 'बोरिवली, मास्तरीणबाई, झोपाळा.' माणसांची नावं ते लिहीत नसत. माणूस बदलतो, भाडेकरू बदलतो, दार तिथंच राहतं, असं त्यांचं म्हणणं.

काम संपलं की उरलेल्या सागवानातला एक बरा तुकडा ते पिशवीत टाकून गाळ्यात आणायचे. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, किंवा गावच्या ज्या काकांच्या हाताखाली ते रंधा धरायला शिकले त्यांनी शिकवलं असेल. पुढे कधी दाराचा कोपरा फुटला, टेबलाला वाळवी लागली, कुलूप बदलताना भोक मोठं पडलं, तर जोड द्यायला त्याच झाडाचं लाकूड हवं. दुसरं सागवान लावलं तर पॉलिशखालून ठिगळ दिसतं. पावसाळ्यात दार एका चालीने फुगतं, ठिगळ दुसऱ्या चालीने, आणि दोन वर्षांत सांध्यात नख जाईल एवढी भेग पडते. बाबांनी दिलेली जोड बोट फिरवून शोधावी लागायची. गिऱ्हाईक शोधत बसलं की हे बाजूला उभे राहून मिशीत हसायचे. गर्व होता त्यांना, आणि का नसावा?

मलाही आहे. आजोबा गिरणीत होते, सही करताना हात कापायचा त्यांचा. बाबा आठवीपर्यंत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन बाहेर आलेली पहिली मी. तीही सकाळचं कॉलेज करून आणि दुपारी गाळ्यात बसून. मला ताळेबंद वाचता येतो आणि रंधाही मारता येतो. दोन्हीची लाज मला कधी वाटली नाही. आता अंधेरीला विम्याच्या ऑफिसात नुकसानीचे दावे बघते. आग लागून, पाणी शिरून मालाची वाट लागली तरी त्यातून जे उरतं त्याचा आम्ही वेगळा विचार करतो. उरलेल्यालाही मोल असतं, हे आमच्या खात्यात धरूनच चालतात. म्हणून असेल, पण त्या मांडणीकडे बघून मला कधी अडगळ वाटली नाही.

गाळ्याच्या मालकाचा मुलगा गेल्या वर्षी एका सकाळी आला. जुनी पत्र्याची शेड पाडून तिथं टॉवर होणार, हे आम्ही बरीच वर्षं ऐकत होतो. ऐकून ऐकून त्यावरचा विश्वास उडाला होता. या वेळी तो मोजणीवाल्यांना घेऊनच आला. बोलायला गोड मुलगा. लहानपणी बाबांनी त्याला बॅट तासून दिली होती.

"काका, महिनाअखेरपर्यंत चावी द्या. यंत्र न्या, हत्यारं न्या. कचऱ्याचं टेन्शन नका घेऊ, तो आमचा जेसीबी उचलेल."

"कचरो खंयचो?" बाबांनी विचारलं.

त्याने मांडणीकडे हात केला.

तो गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "आयक. तुकडो न् तुकडो कामाक लागल्याशिवाय मी चावी देवचंय नाय. आणि एक पण भट्टीत जाता नये."

मला तेव्हाच कळलं होतं की प्रश्न गाळ्याचा नाही. गाळा भाड्याचा, तो आज ना उद्या जाणारच होता. त्यांचे गुडघे गेले होते, काम वर्षभर नव्हतंच. तरी ते रोज डबा घेऊन तिथं जायचे, कारण कोणीतरी जोड मागायला येईल. येणारा माणूस आणि भिंतीवरचा तुकडा यांच्यामध्ये आपण बसलेलो असायला पाहिजे, एवढ्यावर हा माणूस उभा होता. ती मांडणी कचरा ठरली तर हे काय ठरणार, एवढाच माझा प्रश्न होता. म्हणून मी सुट्टी टाकली आणि कंबर कसली.

आपल्या ढिगाचं काम सोपं होतं, कारण त्याची सवय होती. आमच्याकडे तुकडे लांबीने लावत नाहीत, जाडीने लावतात. एका जाडीचे तुकडे एकत्र आले की आपोआप काहीतरी सुचतं. बोटभर जाड पट्ट्यांच्या कडा रंध्याने सरळ केल्या, रेषा एका दिशेला ठेवून गोंद लावला, शिकंज्यात आवळल्या की दुसऱ्या दिवशी पोळपाटाची फळी तयार. उरलेल्या चिंचोळ्या कडांच्या पाचरी. जाड ठोकळ्यांना पॉलिशपेपर गुंडाळला की घासायचा गुटका. फार आखूड असेल तर दाराखालचा अडसर, कपाटाच्या पायाखालचा टेकू, तव्याच्या झाकणाची मूठ. रंध्याची सालपटं गणपतीच्या मूर्ती खोक्यात भरायला समोरचा मूर्तिवाला घेऊन जायचा. भुसा गॅरेजवाला सांडलेल्या ऑईलवर टाकायचा. प्लायवूडचे तुकडे मात्र वेगळे, ते चुलीत नाही, बंबात नाही, त्याच्या धुराने डोळे जातात.

एवढं सगळं त्या ढिगातून निघायचं. त्या महिन्यात आम्ही बापलेक रोज बसलो आणि मोबाईल ठेवायचे स्टँड केले, चाव्या अडकवायच्या पट्ट्या, चहाचे ट्रे, कुंड्यांखालचे चौरंग. खरं सांगते, झकास झाले होते. कडा अशा की गालावरून फिरवाव्यात.

मुलुंडला एका हॉलमध्ये महिलांचं प्रदर्शन भरतं, तिथं मी टेबल घेतलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर.

बायका आल्या. चांगल्या घरातल्या, चांगलं बोलणाऱ्या. एकीने ट्रे उचलला. "अय्या, किती क्यूट! हे जुनं दिसावं म्हणून मुद्दाम असं केलंय का?"

"जुनंच असा ता," बाबा म्हणाले. "चाळीस वर्सांपूर्वीचा बर्मा सागवान."

"हो का? मला वाटलं प्रिंट आहे."

तिच्या मैत्रिणीने मोबाईल काढला. "अगं, सेम टु सेम ऑनलाइन आहे. घरपोच येतो. आणि हलका आहे ना तो, हा बघ केवढा जड."

त्यांनी ट्रे होता तसाच, नीट, जागेवर ठेवला. वाईट कोणीच वागलं नाही. संध्याकाळी आम्ही भरून नेलेल्या पिशव्या भरूनच परत आणल्या. आईने दार उघडलं, पिशव्या बघितल्या.

"अगो, तुझ्या बापाशीक विचार, आता घरात आम्ही ऱ्हवाचा की लाकडांनी?"

"तू गप रव," बाबा म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. एरवी आईच्या टोमण्याला ते टोमणाच द्यायचे.

शेवटी ते ट्रे आणि स्टँड मी ऑफिसात वाटले. पोळपाट नातेवाइकांकडे गेले. पाचरी आणि गुटके जवळच्या दोन सुतारांना दिले. ते आता प्लायवूड आणि सनमायकाचंच काम करतात, पाचर त्यांना लागत नाही. बाबांचा मान म्हणून त्यांनी घेतल्या. असा आपला ढीग संपला. संपला म्हणजे समोरून हलला.

राहिली मांडणी.

मी म्हटलं, "बाबा, यातलंही घेऊया ना. एवढं चांगलं सागवान आहे."

"दुसऱ्याच्या दाराचा लाकूड घेऊन तू चावी टांगूचो खुंटाळो करतलंस?" ते खरंच चिडले. "ता आपला नाय. ठेवूक दिलेला असा."

ठेवायला कोणी दिलं नव्हतं. कोणाला माहीतही नव्हतं. भांडुपच्या एका शेडमध्ये आपल्या दाराचा तुकडा कोणीतरी सांभाळून ठेवलाय, हे त्या घरांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही. मी म्हटलं, "मग ज्याचं त्याला नेऊन देऊ."

बाबांचा चेहरा उजळला. तेवढा उजळलेला मी त्यानंतर पाहिला नाही.

रिक्षा करून आम्ही निघालो. मुलुंडचं देवघर जिथं होतं तिथं निळे पत्रे लावलेले होते आणि आत खड्डा. बोरिवलीची मास्तरीणबाई मुलाकडे परदेशी गेलेली. झोपाळ्याचं काय झालं हे वॉचमनला माहीत नव्हतं. सांताक्रूझला एका घरात आम्हाला आत बसवून सरबत दिलं. ती बाई प्रेमळ होती, बाबांना तिने ओळखलं. "काका, तुम्ही केलेलं ते भलंमोठं कपाट ना? अहो, सगळं मॉड्युलर करून घेतलं आता. ते न्यायला चार माणसं लागली हो!" हे तिने कौतुकाने सांगितलं. बाबांनीही मान हलवली. चार माणसं लागली, हे त्यांना आवडलं असावं.

बहुतेक ठिकाणी असंच. खड्डा, नाहीतर टॉवर, नाहीतर मॉड्युलर. प्रत्येक वेळी तुकडा पिशवीतच राहायचा आणि रिक्षात बसल्यावर बाबा पेन्सिलीचं अक्षर अंगठ्याने चाचपायचे. मी म्हणायचे, पुढचं बघू.

घाटकोपरचं दार मात्र होतं.

जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. बाबा कठडा धरून चढले. वर पोचल्यावर मला धाप लागली होती, त्यांना नाही. ते दार बघत होते. पूर्ण सागवानी, दोन फळ्यांचं, मधल्या पट्टीवर त्यांनी पटाशीने कोरलेली वेल. पॉलिश काळवंडलं होतं पण दार तरणंताठं उभं होतं. त्यांनी बिजागरीजवळ हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "बसला नाय गो. अजून सरळ असा."

मग त्यांचा हात कुलपाशी आला.

कोणीतरी नवीन कुलूप बसवताना जुन्याची जागा फोडली होती. तळहाताएवढा खड्डा झाला असणार. तो पांढऱ्या लांबीने भरला होता, तीच लांबी जी भिंतीच्या भोकांत भरतात, आणि वरून चॉकलेटी ऑईलपेंट फासलेला. पेंट वेलीच्या दोन पानांवरही आला होता.

दार उघडलं. घरातला मुलगा, माझ्याच वयाचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, बाहेर निघायच्या घाईत. मी ओळख सांगितली. तो छान हसला.

"अरे वा, काका! पप्पा नेहमी सांगायचे, हे दार बनवणारा माणूस म्हणजे आर्टिस्ट."

"ह्या कोणी केला?" बाबांनी लांबीवर बोट ठेवलं.

"कुलूपवाल्यानेच. पाच मिनिटांत करून गेला."

"एक फोन करायचा होता." बाबा एकदम शुद्ध बोलायला लागले. परक्यांपुढे रागावले की ते असे बोलतात. "याच दाराचा तुकडा आहे माझ्याकडे. याच झाडाचा."

"काका, एवढ्यासाठी तुम्हाला कुठे त्रास द्यायचा? आणि तसंही बिल्डिंग जातेय ना आता. सोसायटीच्या सगळ्यांनी सह्या केल्या. दोन-तीन वर्षं काढायची आहेत फक्त."

मी पिशवीत हात घालत होते. बाबांनी माझं मनगट धरलं. तुकडा काढू दिला नाही.

"बरंय," ते त्याला म्हणाले. "सांभाळून उतर. पायऱ्या झिजल्या आहेत."

तो आमच्याआधी धडाधड उतरून गेला. आम्ही मागून. पहिल्या मजल्याच्या वळणावर बाबा थांबले. मला वाटलं गुडघा. म्हणून मी खांदा पुढे केला.

"दार होता गो," ते म्हणाले. "दार असून पण नाय बोलवल्यान."

इतके दिवस मी त्यांना आणि स्वतःला सांगत होते की घरं पडली म्हणून लोक येत नाहीत. घर पडलं तर कोणाचा इलाज नाही. पण इथं घर होतं, दार होतं, भोक पडलं होतं आणि तुकडा तयार होता. कमी पडलं ते एवढंच की कोणाला जोड हवी आहे असं वाटलंच नाही. लांबी चालली. लांबी सगळ्यांनाच चालते.

त्यानंतर त्यांनी एकाही पत्त्यावर जायचं नाव काढलं नाही.

महिना संपत आला. मी अजून फोन करत होते, कारण हात चालू ठेवणं मला जमतं, थांबणं जमत नाही. मुलांना सुतारकाम शिकवणारी एक शाळा आरे कॉलनीच्या बाजूला आहे असं कळलं. त्यांनी नम्रपणे सांगितलं की मुलांना हलकं, मऊ, एकसारखं कापलेलं लाकूड लागतं. शेवटी, बाबांना न विचारता, मी आमच्या नाक्यावरच्या पाववाल्याकडे गेले. भट्टीत जाता नये म्हणाले होते ते मला ठाऊक होतं. पण निदान आपल्या पावाची भट्टी, असं मी मनाशी मांडलं. जेसीबीपेक्षा बरं.

पाववाल्याने आतल्या बाजूला बोट दाखवलं. "लाकूड बंद केलं ताई. धुराची भानगड. आता गॅस."

जाळायलाही नको होतं कोणाला.

शेवटी एक टेम्पोवाला मिळाला. तो भिवंडीच्या पुढे कुठल्यातरी भट्टीला सगळ्या प्रकारचं लाकूड पुरवतो. घेऊन जाईन म्हणाला, फक्त भरून तुम्ही द्या. मी घरी आले आणि बाबांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ते जेवत होते. मला वाटलं ताट सरकवतील, ओरडतील. मला तर ते हवंच होतं. त्यांनी भातावर कढी ओतून घेतली.

"उद्या सांग त्याका," म्हणाले. "संध्याकाळी. दिवसभर माका लागतलो."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर सुटून गाळ्यात पोचले तेव्हा लांबूनच रंध्याचा आवाज येत होता. प्रदर्शनानंतर तो आवाज ऐकला नव्हता आणि वेड्यासारखं मला क्षणभर वाटलं, काम आलं. कोणीतरी आलं.

मांडणी अर्धी रिकामी होती. बाबा बाकावर वाकून एकेक तुकडा घेत होते, बाकावरच्या खुंटीला टेकवत होते आणि रंधा मारत होते. एक हात, फार तर दोन. तुकडा डाव्या हाताला पोत्यात. पुढचा. त्यांच्या पायांशी सालपटांचा ढीग झाला होता, आणि त्या पातळ, वळलेल्या पापुद्र्यांवर पेन्सिलीची अक्षरं दिसत होती. 'तिस', 'झोपा', 'मजला'.

"बाबा, काय करताय?"

"नाव काढतंय."

"कशाला? जाळायलाच तर नेणार आहे तो."

"म्हणूनच." त्यांनी वर बघितलं नाही. "कोणाच्या घराचा नाव भट्टीत जाता नये. आता खुशाल जाळू देत. आता ह्या नुसता लाकूड."

मी पर्स खाली ठेवली, दुसरा रंधा घेतला आणि पलीकडच्या बाजूने सुरू केलं. सागवानाचा तो वास, कातड्यासारखा, थोडा कडवट, जो आमच्या घरातल्या कपड्यांना, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांना कायम यायचा, तो सगळ्या शेडभर झाला होता. घाटकोपरचा तुकडा माझ्या हाताला लागला. मी तो बाजूला ठेवायला बघत होते. त्यांनी हात पुढे केला. मी दिला. त्यालाही त्यांनी इतरांसारखेच दोन हात मारले आणि पोत्यात टाकला.

टेम्पो आला, भरला, गेला. सालपटं मी झाडून पिशवीत भरली. गणपतीला वेळ होता, मूर्तिवाल्याला नको होती, मग ती जेसीबीला राहिली. चावी बाबांनी स्वतः नेऊन दिली. एक तुकडाही शिल्लक नव्हता. त्यांनी घातलेली अट तेवढी अर्धी पुरी झाली.

आता ते घरी असतात. हत्यारांची पेटी माळ्यावर आहे. गॅलरीत बसतात, समोरच्या टॉवरच्या क्रेनकडे बघतात. कोणी विचारलं तर म्हणतात, बरं चाललंय. तब्येतीला काही झालेलं नाही. डॉक्टरला दाखवावं असं काही हातात येत नाही.

मध्यंतरी स्वयंपाकघरातलं स्टूल डगमगायला लागलं. त्यांनीच केलेलं, आपल्या ढिगातलं, माझ्या जन्माआधीचं. पायाचा सांधा सुटला होता. पूर्वी असं काही झालं की आई हाक मारायच्या आत ते उठलेले असायचे. मी मुद्दाम स्टूल उचलून त्यांच्यासमोर आणून ठेवलं.

"बाबा, एक पाचर मारली की बसेल ना?"

त्यांनी बघितलं. पाय हलवून बघितला नाही, नुसतं बघितलं.

"फेकून दी," म्हणाले. "प्लास्टिकचा घे."

आई ओट्यापाशी उभी होती. तिच्याकडे टोमणा तयार असणार, मला तिच्या तोंडावर दिसला. पण ती गॅस बारीक करून तशीच उभी राहिली.

मी स्वतः करेन म्हटलं. पेटी काढली, करवत मिळाली, हातोडी मिळाली. पाचरीपुरतं लाकूड सगळ्या घरात शोधलं. आमच्या, सुताराच्या घरात, बोटभर सागवान नव्हतं. शेवटी वर्तमानपत्राची घट्ट घडी करून पायाखाली सरकवली. ती दोन-चार दिवसांत दबते आणि स्टूल पुन्हा डगमगतं. मग मी नवी घडी करते.